विहीर किती खोल गेली, हे कानांनी कळावं म्हणून

माझी आजी पाणी बघायला विहिरीत डोकवायची नाही. रहाटावरून पोहरा सोडायची, दोर तळहातातून सरकू द्यायची आणि खालून 'डुबुक' आलं की म्हणायची, "चार परस," म्हणजे चार माणसांच्या उंचीएवढं खोल. मामानं नंतर गाठी मारलेल्या दोरीनं मोजलं तर फुटाच्या वर फरक निघत नसे. पुरंदर तालुक्यातली ही विहीर बेचाळीस फुटांची. वरचा अर्धा भाग बांधीव, खाली काळा कातळ. सह्याद्रीच्या पावसाच्या आडोशाला पडलेला मुलूख, त्यात अंजिराच्या बागा. इथं पाण्याचा एकेक फूट मोलाचा.

आता रहाट गेला. बटण दाबलं की मोटर चालू. विहिरीकडे कुणाचे पाय वळत नाहीत, आणि पाणी खाली गेल्याचं कळतं ते मोटर हवा ओढायला लागल्यावर. तोवर फार उशीर झालेला असतो.

मी धातूची शिल्पं करते. तीन वर्षांपूर्वी गावातल्या दूध संकलन केंद्रासमोर मी एक शिल्प उभं केलं. काशाच्या सात वाट्या आहेत, आणि त्या रोज सकाळी विहिरीतलं पाणी किती खाली आहे ते वाजवून सांगतात. असंच काही आपल्या गावात, सोसायटीत किंवा शाळेत करायचं असेल तर ते कसं जमवायचं, हे माझ्या अनुभवावरून सांगते. विहिरीच्या जागी नदीची पातळी घ्या, हवेतली धूळ घ्या, पाऊस घ्या, रीत तीच.

आधी एकच आकडा निवडा

माझ्या पहिल्या आराखड्यात पाण्याच्या पातळीबरोबर तापमान, हवेतली आर्द्रता आणि पाऊसही होता. तापमान वाढलं की लय जलद, आर्द्रता वाढली की आवाज दबका, असं सगळं कागदावर फार सुंदर दिसत होतं. प्रत्यक्षात चार गोष्टी एकदम वाजल्या की ऐकणाऱ्याला त्यातली एकही हाती लागत नाही. डोळा तक्त्यातली चार सदरं वेगळी करू शकतो. कानाला तेवढी उसंत नसते. म्हणून ज्याच्यावर लोकांचे निर्णय ठरतात तो एकच आकडा ठेवा. आमच्याकडे तो आकडा म्हणजे कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर.

क्रोएशियातल्या झादर शहरात निकोला बाशिच या वास्तुरचनाकारानं २००५ साली समुद्रकाठच्या पायऱ्यांखाली पस्तीस नळ्या बसवल्या. लाटा आत शिरल्या की हवा दाबली जाते आणि त्या नळ्या वाजतात. तिथं मधे आकडा नाहीच, समुद्र स्वतःच वाजवतो. तुमच्याकडे लाट, वारा, धबधबा असं काही असेल तर तो मार्ग पहिला पाहा, कारण त्यात बिघडायला फारसं काही नाही. पण पाणी महिन्याभरात चार फूट उतरलं तर त्याचा आवाज होत नाही. अशा संथ गोष्टीसाठी मोजणं आलं, आणि मोजलेलं पुन्हा आवाजात आणणं आलं.

आवाजाची भाषा लोकांची असू द्या

माझी सगळ्यांत मोठी चूक इथं झाली. पहिल्या खेपेला मी वाट्या भूप रागातल्या पाच स्वरांच्या जवळ जातील अशा निवडल्या. ऐकायला फार गोड. लोक थांबायचे, हात जोडायचे. महिनाभरानं मी मामीला विचारलं, "पाणी कुठवर आहे ते कळतं का गं?" ती म्हणाली, "अगं, ते भजनासारखं वाटतं. त्यात पाणी कुठं शोधू?"

तेव्हा मी पुन्हा आजीच्या पोहऱ्याकडे गेले. परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली. मामा सहा फुटांचा धरतो. बेचाळीस फूट म्हणजे बरोबर सात परस, म्हणून सात वाट्या. सर्वांत वरची वाटी लहान आणि बारीक आवाजाची, खालची मोठी आणि खर्जातली. सकाळी आवाज वरून सुरू होतो आणि एकेक परस खाली उतरतो, पोहरा उतरावा तसा. पाणी ज्या परसात आहे त्या वाटीशी तो थांबतो आणि ती वाटी हलक्या हातानं वाजते, जितके फूट तितके ठोके.

पाणी बावीस फुटांवर आहे असं समजा. वरच्या तीन वाट्या एकेकदा जोरात वाजतात. मग चार सेकंद शांतता. मग चौथी वाटी हळूच चार वेळा. तीन परस, चार फूट. पाटी लावायची वेळ आली नाही.

हिशेबात दोन बारकावे सांभाळा. फूट नेहमी वरच्या पूर्णांकात घ्या, म्हणजे हलके ठोके एक ते सहाच्या दरम्यान राहतात आणि श्रावणात विहीर काठोकाठ भरली तरी वरची वाटी एकदा किणकिणते. दुसरं, पाणी मोजायला विहिरीत सोडलेल्या सेन्सरच्याही खाली गेलं तर सातही वाट्या जोरात, आणि त्यानंतर हलका ठोका नाही. म्हणजे पूर्ण शांतता याचा अर्थ एकच उरतो : यंत्र बिघडलंय. कोरडी विहीर आणि तुटलेली तार यांचा आवाज सारखा झाला तर लोकांचा विश्वास उडतो, आणि उडालेला विश्वास परत बसत नाही.

वाट्या

कासं म्हणजे तांबं आणि कथील. साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. पितळ ठण्ण वाजून लवकर विझतं, कासं रेंगाळतं. तळपाय घासायची जुनी काशाची वाटी घरात असेल तर नखानं टिचकी मारून पाहा, फरक लगेच कळेल. मला सात वाट्या जमवायला पुण्याच्या जुन्या बाजारात चार रविवार लागले. बोटांच्या टोकांवर वाटी तोलायची, लाकडी चमच्यानं काठाला टोकायचं आणि कान जवळ नेऊन आवाज कुठवर टिकतो ते मोजायचं. चीर गेलेली वाटी दिसायला धड असते, पण बद्द वाजते. फोनवर ध्वनीची वारंवारिता दाखवणारं ॲप असतं, ते शेजारी ठेवा. स्वर शुद्ध हवेत असं नाही. लागून असलेल्या दोन वाट्यांत वीस पावलांवरूनही फरक कळावा, एवढं पुरे.

वाटीला भोक पाडू नका. कासं ठिसूळ असतं, ड्रिल लावताच तडकू शकतं. शिवाय गरजही नाही. वाटी काठाशी थरथरते, तळाशी जवळजवळ स्थिर असते, म्हणून तिला तळाशी धरायचं. मी प्रत्येक वाटीखाली काथ्याची चुंबळ ठेवली, डोक्यावर घागर घेताना बायका ठेवतात तशीच, आणि चुंबळीतून आलेली सुती दोरी वाटीच्या बुडावरून फुलीसारखी ओढून मागच्या कड्यांना बांधली. रबराचे वायसर लावूनही पाहिले. आवाज अर्धा गिळतात.

वाटी आकाशाकडे तोंड करून ठेवू नका. पहिल्याच वळवात माझ्या वाट्या भरल्या आणि सगळे स्वर खाली आले. जलतरंगात पाणी वाढवल्यावर होतं तेच झालं. आता त्या तिरक्या आहेत, तोंड रस्त्याकडे. पाणी निथळतं आणि आवाजही माणसांच्या दिशेनं जातो.

कासं मिळालं नाही तर नळ्या घ्या, पितळी किंवा साध्या लोखंडी. नळीचं गणित सरळ आहे. जाडी आणि व्यास तोच ठेवून लांबी १.४१ पट केली की आवाज बरोबर एक सप्तक खाली जातो. टांगायची जागा टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर, साठ सेंटिमीटरच्या नळीला साडेतेरा सेंटिमीटरवर. तिथं नळी जवळजवळ हलत नाही, त्यामुळे दोरा आवाज खात नाही. ठोका मधोमध.

आकार

शिल्पाचा आकार मी आधी काढला नाही, विहिरीनं काढून दिला. जमिनीच्या पोटात असलेली विहीर बाहेर काढून उभी केली तर कशी दिसेल? दीड इंची लोखंडी पाइपचे चार खांब, मधे सळईच्या गोल कड्या, आणि बारवेच्या पायऱ्या उतरतात तशा गोल फिरत खाली येणाऱ्या सात पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक वाटी. एका परसाला एक फूट, म्हणजे सहास एक असं प्रमाण. सात फुटांचा सांगाडा, खाली दोन फुटांचे पाय. सर्वांत खालची वाटी दोन फुटांवर येते, म्हणजे लहान पोरांच्या हाताला लागते. लागू द्या. पोरांनी वाजवलेली वाटी गावाची होते.

खांब दोन फूट खोल काँक्रीटमध्ये नट-बोल्टनं धरा. आणि सांगाडा उभा झाला की वाट्या बसवायच्या आधी त्याच्यावर मुठीनं ठोका मारून ऐका. कुठलीही कडी खुळखुळत असेल तर तिथं वेल्डिंगचा आणखी एक टाका द्या. हा खुळखुळाट नंतर प्रत्येक ठोक्यात मिसळतो आणि मग सापडत नाही.

ठोका

ठोका देण्यासाठी सोलेनॉइड वापरलेत, बारा व्होल्टचे. वीज दिली की आतली दांडी झटक्यानं पुढे येते. ही दांडी थेट वाटीवर आदळली तर आवाज लोखंडी येतो आणि वाटीला इजा होते. म्हणून मधे हॅक्सॉची जुनी पाती घातली. पात्याचं एक टोक सांगाड्याला घट्ट, दुसऱ्या टोकाला बाभळीच्या लाकडाचा सुपारीएवढा गट्टू, त्यावर चामड्याचा तुकडा. सोलेनॉइड पात्याला बुडाशी ढकलतो, पातं चाबकासारखं झेप घेतं, गट्टू वाटीला स्पर्श करून मागे येतो. स्थिर असताना गट्टू आणि वाटी यांत बोटाच्या जाडीएवढं अंतर ठेवा.

सोलेनॉइडला वीज किती वेळ द्यायची, यावर सगळा आवाज ठरतो. जोराच्या ठोक्याला माझ्याकडे साधारण २५ मिलिसेकंद लागतात, हलक्याला १२च्या आसपास. ५० दिले की गट्टू वाटीला चिकटून राहतो आणि तिचा आवाज तिथंच मरतो. प्रत्येक वाटीचा आकडा वेगळा निघतो. संध्याकाळी शांत वेळी बसून एकेक लावून घ्या. तंबोरा लावायला बसावं तसं बसा, घाई करू नका.

जोडणीत नियंत्रकाच्या, म्हणजे हे सगळं चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, तीन व्होल्टच्या इशाऱ्यावर पूर्ण उघडणारा लॉजिक-लेव्हल मॉसफेट (विजेनं चालणारा स्विच) घ्या. साधा घेतला तर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. आणि प्रत्येक सोलेनॉइडवर डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, उलटा लावा. वीज तुटताना गुंडाळीतून येणारा झटका त्याच्याविना मॉसफेट जाळतो.

पाणी मोजणं

सुरुवातीला मी स्वस्तातला अल्ट्रासॉनिक सेन्सर कठड्यावर बसवला. तो आवाजाची लहर सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. टाकीसाठी उत्तम. पण चार-पाच मीटरच्या पुढे त्याचा भरवसा नाही, आणि लहर खाली जाताना पसरते. आमच्या विहिरीत बांधकाम संपून कातळ सुरू होतो तिथं एक काठ आहे. अकरा दिवस माझं शिल्प त्या काठाचं अंतर पाणी म्हणून वाजवत होतं. पाणी उतरत होतं आणि वाट्या रोज तेच सांगत होत्या. मामानंच दोर टाकून पकडलं.

आता पाण्यात सोडायचा दाबाचा सेन्सर आहे, शून्य ते पंधरा मीटर पाणी ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहातून सांगणारा. डोक्यावर पाणी जितकं जास्त तितका दाब, तितका प्रवाह. प्रवाहातून निरोप पाठवण्याचा फायदा असा की विहिरीपासून शिल्पापर्यंत शंभर पावलं तार ओढली तरी आकड्यात घट येत नाही. त्याच्या केबलमध्ये तारांबरोबर हवेची एक बारीक नळी असते, तिचं तोंड वर उघडं ठेवावं लागतं. ते बंद झालं तर हवेच्या दाबातले चढउतार पाणी म्हणून मोजले जातात. दहा हेक्टोपास्कलच्या बदलाला सुमारे दहा सेंटिमीटरची चूक. नळीत बाष्प जाऊ नये म्हणून तोंडाशी, डब्यात, सिलिका जेलची पुडी ठेवा.

सेन्सर मी चाळीस फुटांवर, म्हणजे १२.२ मीटरवर टांगलाय. तळाला टेकवू नका, गाळात रुततो. प्रवाह १५० ओहमच्या रोधातून जाऊ दिला की ४ मिलिअँपिअरला ०.६ व्होल्ट मिळतात आणि २०ला ३ व्होल्ट. मिळालेल्या व्होल्टमधून ०.६ वजा करा, २.४नं भागा, १५नं गुणा, की सेन्सरच्या डोक्यावरचं पाणी मीटरमध्ये मिळतं. १.४८ व्होल्ट आले तर साडेपाच मीटर. १२.२ मधून साडेपाच गेले, ६.७ मीटर उरले, म्हणजे बावीस फूट. वर सांगितलेले तीन परस चार फूट ते हेच. प्रवाह साडेतीनच्याही खाली आला तर तार तुटली समजा आणि त्या दिवशी काही वाजवू नका.

नियंत्रक ईएसपी-३२. व्होल्ट वाचायची त्याची स्वतःची सोय दोन्ही टोकांना वेडीवाकडी चालते, म्हणून त्या कामासाठी एडीएस-१११५ ही वेगळी चिप लावली. वेळेसाठी डीएस-३२३१ घड्याळ, कारण गावात नेटचा भरवसा नाही आणि या घड्याळाची चूक वर्षाला एखाद्या मिनिटाची. वीस वॉटचं सौर पॅनेल, बारा व्होल्टची सात अँपिअर-अवरची बॅटरी, आणि सेन्सरला चोवीस व्होल्ट मिळावेत म्हणून बूस्ट मॉड्यूल. सेन्सरला सतत वीज देऊ नका. मोजायच्या आधी दहा सेकंद पुरतात. वैशाखातल्या वळवाबरोबर विजा येतात, तेव्हा विहिरीच्या टोकाला विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हवंच.

एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री येते. मोटर चालू असताना मोजलं तर पाणी भलतंच खाली दिसतं, कारण झरे भरायला वेळ घेतात. म्हणून दर दहा मिनिटांनी मोजा, आणि गेल्या चोवीस तासांत पाणी ज्या सर्वांत वरच्या पातळीला येऊन स्थिरावलं तीच धरा. एखाददुसरा चुकार आकडा मधे शिरू नये म्हणून लागोपाठच्या पाच मोजण्या लहान-मोठ्या क्रमानं लावून मधली घ्या. मोटर चालो न चालो, वाजतं ते विहिरीचं खरं पाणी.

जागा आणि वेळ

मला आधी वडाच्या पारावर बसवायचं होतं. फोटोत फार शोभलं असतं. पण संध्याकाळी तिथं देवळाचा भोंगा असतो. सकाळी साडेसहाला दूध घालायला निम्मं गाव केंद्रासमोर रांगेत असतं, हातात किटली, बोलणं बेतानंच. वाट्यांचा आवाज लहान असतो, त्याला अशी मुळातच थांबलेली माणसं लागतात. दिवसातून एकदाच वाजवा. दर तासाला वाजणारं कुणी ऐकत नाही.

केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतं आणि ते तक्ते मोलाचे आहेत. पण अंजिराला या आठवड्यात पाणी किती द्यायचं, हे रांगेतल्या माणसाला आज सकाळी ठरवायचं असतं. एप्रिलमधल्या एका सकाळी मी रांगेच्या कडेला उभी होते. पाच वाट्या जोरात वाजल्या. शांतता. माझ्यापुढची म्हातारी किटली खाली ठेवून अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत होती. सहावी वाटी दोनदा वाजली. "काल एकच होता," ती शेजारणीला म्हणाली. एका फुटाचा फरक तिनं टिपला होता.

सातही वाट्या जोरात वाजून गप्प झाल्या असं मी एकदाच ऐकलंय, गेल्या मेच्या शेवटी. सगळी रांग सहाव्या वाटीपाशी थबकली होती. सातवी वाजल्यावर कुणी बोललं नाही. त्या दुपारी चार मोटरवाल्यांनी पाळ्या लावून घेतल्या.

देखभाल

काशावर हिरवट राप चढतो. आवाजाला त्यानं धक्का लागत नाही. लखलखीत हव्या असतील तर चिंचेनं घासा. चामड्याचे तुकडे पावसाळ्यानंतर कडक होतात, ते दरवर्षी बदला. काथ्याच्या चुंबळी दिवाळीआधी नव्या करा. मेमध्ये पाणी तळाला गेलं की सेन्सर वर काढून गाळ धुवा, आणि परत सोडताना केबलवरची चाळीस फुटांची खूण कठड्याला टेकलीय का ते पाहा.

आणि दर अमावास्येला दोर टाकून मोजा. मामाकडे अजून तीच दोरी आहे, फुटाफुटावर गाठी, दर सहाव्या गाठीला लाल चिंधी. तो कठड्यावर बसून दोर सोडतो, मी फोनवर सेन्सरचा आकडा वाचते. तीन इंचांपर्यंत फरक चालतो, तेवढा सेन्सरचाच असतो. त्याहून जास्त निघाला तर मी दोरी खरी धरते आणि आकडा सुधारते.